आठव्या महिन्यात पोट कडक होतंय? सकाळची वाट बघू नका. फुप्फुसाचं इंजेक्शन बाळ पोटात असतानाच द्यावं लागतं

बीड : रात्रीचे दोन वाजलेले असतात. सुनेला आठवा महिना. संध्याकाळपासून कंबर दुखायलीय, पोट मधेच दगडासारखं होतंय अन् परत सैल पडतंय. सासूबाई म्हणतात, "आजून दीड महिना हाय, वात धरला असंल, ओवा खा अन् पड जरा." नवरा म्हणतो, आता एवढ्या रात्री गाडी कुठं मिळणार, उजाडल्यावर बघू. सून गप्प पडून राहते. पहाटे पाणमोट फुटते, मग धावपळ सुरू होते आणि बाळ जीपमध्येच होतं. रडतं, पण कण्हल्यासारखं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्याचे ओठ निळे पडलेले असतात.

अशी रात्र कुठल्याही वस्तीवर, कुठल्याही तांड्यावर येऊ शकते. यात कुणी वाईट वागलेलं नसतं. सासूबाईंना खरोखरच वात वाटलेला असतो. पण रात्री दोनपासून पहाटेपर्यंतचे जे चार-पाच तास गेले, त्यात बाळासाठी जे करता आलं असतं ते बाळ बाहेर आल्यावर करता येत नाही. काचेची पेटी, ऑक्सिजन, मोठा दवाखाना, सगळं नंतर मिळतं. ते एक इंजेक्शन मात्र आईलाच, बाळ पोटात असतानाच द्यावं लागतं.

अपुऱ्या दिवसांचं म्हणजे किती दिवसांचं?

आपल्याकडं नऊ महिने नऊ दिवस म्हणायची पद्धत आहे. डॉक्टरांचा हिशोब त्याच्या जवळपासच आहे. शेवटची पाळी ज्या दिवशी आली त्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे. तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख येते. ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत बाळ झालं तर ते अपुऱ्या दिवसांचं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं अशी लवकर जन्मली. त्यातली ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतातली. म्हणजे आपल्या देशात शंभर बाळंतपणांत तेराच्या आसपास. गावातल्या कुठल्याही गल्लीत विचारलं तर एखादं घर सापडतंच.

एक हिशोब करून बघू. एखाद्या बाईची शेवटची पाळी १० जूनला आली. तिची तारीख १७ मार्च. तिचे ३४ आठवडे ३ फेब्रुवारीला भरतात आणि ३७ आठवडे २४ फेब्रुवारीला. जानेवारीच्या शेवटी तिच्या पोटात कळा आल्या तर प्रकरण वेगळं आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात आल्या तर वेगळं. "आठवा चालूय" एवढ्यावर डॉक्टरला काही ठरवता येत नाही, कारण कुणी आठवा लागला की आठवा म्हणतं, कुणी संपला की. आठवड्यात सांगा. आशाताईंकडं किंवा माता-बाल कार्डावर पाळीची तारीख असते, तिथून मोजून ३४ आणि ३७ आठवड्यांच्या दोन तारखा घरातल्या कॅलेंडरवर पेनानं लिहून ठेवल्या तर रात्री दोन वाजता हिशोब करत बसावं लागत नाही.

बऱ्याच बायकांना पाळीची तारीख आठवत नाही. "संक्रांतीच्या आगेमागे" असं काहीतरी सांगितलं जातं. अशा वेळी पहिल्या तीन महिन्यांत झालेली सोनोग्राफी सगळ्यात भरवशाची. शेवटच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीत तारखेचा अंदाज दोन-तीन आठवडे इकडंतिकडं होऊ शकतो, म्हणून तो पहिला कागद फेकून देऊ नका, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आपल्या जिल्ह्यात सोनोग्राफी म्हटलं की काही लोक अजून दचकतात. गर्भलिंग तपासणी गुन्हा आहे. बाळाचे दिवस मोजायला, वार कुठं आहे ते बघायला सोनोग्राफी करणं गुन्हा नाही आणि ती वेळेवर झालीच पाहिजे.

सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही?

ही म्हण जुन्या बायका अजून सांगतात. गंमत म्हणजे ती फक्त आपल्याकडची नाही, जवळपास अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक वैद्यांच्या लिखाणातही आठव्या महिन्याच्या बाळाबद्दल अशीच समजूत सापडते. पण ती चुकीची आहे. बाळ जितके जास्त दिवस पोटात राहील तितकी त्याची जगण्याची शक्यता वाढते, सरळ हिशोब आहे. ३४ आठवड्यांचं बाळ ३० आठवड्यांच्या बाळापेक्षा कितीतरी पक्कं असतं. सातव्या महिन्याची म्हणून जी धडधाकट बाळं गावात सांगितली जातात, त्यातल्या कितीजणांचे दिवस नीट मोजले होते हाही प्रश्नच आहे.

या म्हणीचा तोटा असा की आठव्यात कळा आल्या तर घरचे आधीच हातपाय गाळतात. "आता काय, देवाच्या मनात असंल ते." उलट बाजूनंही चूक होते. ३५-३६ आठवड्यांचं बाळ अडीच किलोच्या जवळ भरलं की लोक म्हणतात, झालं की पूर्ण. पण ३५ आठवड्यांना बाळाच्या मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या साधारण दोन तृतीयांशच असतं. असं बाळ दिसायला चांगलं असलं तरी लवकर गार पडतं, पिताना दमतं, त्याच्या रक्तातली साखर उतरते, कावीळ जास्त होते. त्यामुळं काही कारण नसताना "चांगला दिवस आहे, आताच सिझर करून घेऊ" असा आग्रह घरच्यांनी डॉक्टरकडं धरू नये. काही वेळा बीपी वाढलं, बाळाला रक्तपुरवठा कमी पडला तर डॉक्टर स्वतःच लवकर बाळंतपण करतात, ती गोष्ट निराळी.

मेंढीच्या कोकरानं दाखवलेली वाट

लवकर जन्मलेल्या बाळाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे त्याचं कच्चं फुप्फुस. फुप्फुसात हवेच्या लाखो बारीक पिशव्या असतात. ओली प्लास्टिकची पिशवी जशी आतून चिकटते आणि उघडता उघडत नाही, तशा त्या चिकटू नयेत म्हणून आतून साबणासारखा एक थर तयार होतो. हा थर पुरेसा व्हायला ३४-३५ आठवडे लागतात. त्याआधी बाळ आलं तर प्रत्येक श्वासाला त्याला चिकटलेली पिशवी पुन्हा उघडावी लागते. बरगड्या आत ओढल्या जातात, बाळ कण्हतं आणि काही तासांत थकून जातं.

यावरचा उपाय मेंढ्यांमुळं सापडला. न्यूझीलंडमधले डॉक्टर ग्रॅहम लिगिन्स हे १९६० च्या दशकात प्रसूती कशी सुरू होते ते मेंढ्यांवर अभ्यासत होते. स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलेली काही कोकरं फार लवकर जन्मली, एवढ्या कमी दिवसांची कोकरं जगायला नको होती. पण ती श्वास घेत होती. फुप्फुस उघडून बघितलं तर त्यात हवा भरलेली. मग लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांनी २८२ गरोदर बायकांवर अभ्यास करून १९७२ साली तो छापला. ज्यांना जन्माआधी इंजेक्शन मिळालं त्यांच्या बाळांना श्वासाचा त्रास कमी झाला आणि मृत्यूही कमी झाले.

आज आपल्या सरकारी दवाखान्यात यासाठी डेक्सामेथासोन नावाचं इंजेक्शन वापरतात. औषध जुनं आहे, स्वस्त आहे. ६ मिलिग्रॅमचा एक डोस, दर बारा तासांनी, असे चार डोस आईच्या स्नायूत देतात. केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचनांनुसार २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान मुदतपूर्व कळा सुरू झाल्या असतील तर ते द्यायचं असतं, आणि उपकेंद्रातल्या एएनएम सिस्टरलाही पहिला डोस देऊन बाईला पुढं पाठवता येतं. चारही डोस होऊन एक दिवस गेला तर फायदा सगळ्यात जास्त. पण एक डोस झाला आणि काही तासांत बाळ झालं तरी काही ना काही उपयोग होतो. म्हणूनच रात्री दोनला निघालेली बाई आणि सकाळी सहाला निघालेली बाई यांच्यात फरक पडतो.

भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२० मध्ये निकाल आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात याच इंजेक्शनानं लवकर जन्मलेल्या बाळांचे मृत्यू कमी झाले. मात्र त्याआधी, २०१५ साली सहा देशांतला एक मोठा अभ्यास आला होता. तिथं खेड्यापाड्यात दिवसांचा नेमका हिशोब नसताना ते भरपूर बायकांना दिलं गेलं. त्यातल्या बऱ्याच जणींना लवकर बाळंतपण झालंच नाही, आणि एकूण बाळांचा फायदा व्हायच्या ऐवजी थोडं नुकसानच दिसलं. म्हणजे हे टॉनिक नव्हे. गावातल्या डॉक्टरकडून किंवा मेडिकलमधून आणून "असू दे, टोचून घेऊ" असं करायचं नाही. दिवस पक्के माहीत हवेत, कळा खऱ्या हव्यात आणि पुढं बाळाला सांभाळणारा दवाखाना हवा. आईला ताप असेल किंवा साखरेचा आजार असेल तर तेही इंजेक्शनाआधी सांगायचं.

कळा थांबवायच्या गोळ्याही असतात. त्या बाळंतपण महिनाभर पुढं ढकलत नाहीत, बहुतेक वेळा एक-दोन दिवसच मिळतात. पण तेवढ्यात इंजेक्शनाचे डोस पूर्ण होतात आणि बाईला मोठ्या दवाखान्यात नेता येतं. मिळवायचे असतात ते हेच दोन दिवस.

वात आहे की कळा?

शेवटच्या तीन महिन्यांत पोट अधूनमधून कडक होणं हे नेहमीचं असतं. त्याला खोट्या कळा म्हणतात. त्या कशाही येतात, आता एक, मग अर्ध्या तासानं, मग नाहीच. पाणी प्यायलं, कूस बदलली, जरा चाललं की जातात. खऱ्या कळांना लय असते. येतात, वाढतात, ओसरतात, परत येतात, आणि मधलं अंतर कमी होत जातं.

अडचण अशी की दिवस भरायच्या आत येणाऱ्या कळा जोराच्या नसतातच. पहिलटकरीण तर त्यांना कळा म्हणतच नाही. ती म्हणते, कंबर भरून आलीय. पाळीत दुखतं तसं ओटीपोटात दुखतंय. खाली जड वाटतंय, काहीतरी उतरल्यासारखं. संडासला लागल्यासारखं होतंय. अंगावरून पांढरं जातंय पण नेहमीपेक्षा पातळ, किंवा गुलाबीसर चिकट. यातलं काहीही ३७ आठवड्यांच्या आत सुरू झालं तर त्याला वात म्हणून सोडून द्यायचं नाही.

घरी करण्यासारखी एक गोष्ट आहे. लघवी करून यायचं, दोन ग्लास पाणी प्यायचं, डाव्या कुशीवर पडायचं आणि पोटावर हाताची बोटं ठेवून मोबाइलच्या घड्याळात बघायचं. पोट कडक झालं की वेळ लिहायची. दहा-दहा मिनिटांनी किंवा त्याहून लवकर कडक होत असेल, किंवा तासाभरात पाच-सहा वेळा झालं असेल, तर निघायचं. शहरातल्या बाईनं तासभर मोजत बसलं तर चालेल, दवाखाना रिक्षाच्या अंतरावर असतो. जिथून डांबरी रस्त्याला यायलाच अर्धा तास लागतो तिथं मोजणं आणि गाडीला फोन करणं एकाच वेळी झालं पाहिजे. कळा थांबल्या तर गाडी परत जाईल. आशाताई झोपेतून उठवल्याबद्दल रागावत नाहीत, न उठवल्याबद्दल रागावतात.

दोन बाबतीत मोजायचंसुद्धा नाही. एक, अंगावरून रक्त जाणं, दुखत असो वा नसो. वार खाली असेल तर न दुखता भळभळ रक्त जातं, आणि वार आतून सुटली असेल तर पोट सतत टणक राहतं, रक्त मात्र थोडंच दिसतं. अशा बाईची खालून हात घालून तपासणी घरी कुणी करायची नाही, सुईणीनंही नाही. दुसरं, पाणमोट फुटणं. कधी भसकन पाणी येतं, कधी नुसतं पाझरत राहतं आणि बाईला वाटतं लघवी निसटली. कोरडं स्वच्छ कापड ठेवून बघायचं. पुन्हापुन्हा ओलं होत असेल आणि लघवीचा वास नसेल तर ते पाणमोटीचं पाणी आहे. कळा नसल्या तरी दवाखान्यात जायचं, कारण तिथून जंतू आत जायला रस्ता मिळालेला असतो आणि अँटिबायोटिक सुरू करावं लागतं.

याशिवाय बाळाची हालचाल कमी झाली, डोकं ठणकतंय, डोळ्यापुढं अंधारी येतेय, तोंडावर सूज आलीय, तरीही त्याच दिवशी जायचं. पोट चोळणं, गरम विटेचा शेक, एरंडेल पाजणं, आणि "कळा वाढायचं इंजेक्शन" घरी टोचून घेणं या चारही गोष्टी टाळायच्या. शेवटच्या गोष्टीनं पिशवी फाटून आई दगावू शकते.

जवळचा दवाखाना की बरोबरचा दवाखाना?

१०८ चा फोन सगळ्यांना पाठ आहे. गरोदर बाईसाठी १०२ ची गाडीही असते, ती बहुतेक प्राथमिक आरोग्य केंद्राला जोडलेली असते. फोनवर फक्त "पोट दुखतंय" म्हणू नका. "बत्तीस आठवडे झालेत, कळा सुरू आहेत, अमुक वेळेपासून" असं सांगा.

गाडी आधी आरोग्य केंद्रात नेली तर तिथं पहिला डोस देता येतो का ते विचारा आणि मग पुढं निघा. ३४ आठवड्यांच्या आतलं बाळ असेल तर शेवटी अशा ठिकाणी पोहोचायचं जिथं नवजात बाळांचा खास कक्ष आहे. सरकारी भाषेत त्याला एसएनसीयू म्हणतात, लोक "पेटीचा वार्ड" म्हणतात. जिल्हा रुग्णालयात असा कक्ष असतो. परळी, केज, धारूरकडच्या लोकांना अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ सरकारी मेडिकल कॉलेज जवळ पडतं.

इथं अनेक घरं चुकतात. जवळच्या छोट्या दवाखान्यात बाळंतपण उरकून घेतात आणि मग दीड किलोचं बाळ कापडात गुंडाळून मोटारसायकलवर मोठ्या दवाखान्याकडं पळवतात. बाळ न्यायला आईच्या पोटासारखी गाडी नाही. तिथं ऊबही असते, श्वासाचीही सोय असते. वेळ हाताशी असेल तर आईला पोटातल्या बाळासकट न्यायचं. कळा अगदी जवळजवळ आल्या असतील, जोर यायला लागला असेल, तर मात्र जवळचाच दवाखाना, रस्त्यात धोका घ्यायचा नाही.

सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, तपासण्या, आईचं जेवण, ने-आण हे सगळं मोफत आहे. बाळ आजारी असेल तर एक वर्षापर्यंत त्याचे उपचारही. २०११ पासून ही योजना आहे तरी "पैसे किती लागतील" या धास्तीनं घरं अजून रात्र काढतात.

कोयत्यावर गेलेली बाई

आपल्या जिल्ह्याबाबत एक गोष्ट वेगळी बोलावी लागते. दिवाळीच्या आगेमागे हजारो जोड्या ऊसतोडीला सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि कर्नाटकात जातात. जोडी म्हणजे एक कोयता, नवरा तोडतो, बायको मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवते. पहाटे तीन-चारला फडात हजर. गरोदर बाईही यात असते, सातव्या-आठव्यापर्यंत, काहीजणी त्यापुढंही.

जास्त वजन उचलणं आणि तासन् तास उभं राहून काम करणं यांचा लवकर बाळंतपणाशी संबंध आहे, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. त्यात पाणी कमी पिणं आलं. फडात आडोसा नाही म्हणून बायका मुद्दाम पाणी पीत नाहीत, लघवी दाबून धरतात, आणि लघवीत जंतू होतात. लघवीची जळजळ ही लवकर कळा येण्याच्या मोठ्या कारणांपैकी आहे आणि ती साध्या गोळ्यांनी बरी होते. पण दवाखान्यात जायचं तर एक दिवस मोडतो, खाडा पडतो, आणि उचल आधीच घेतलेली असते. त्यामुळं दुखणं बाई सांगतच नाही. यात दोष बाईला देणं सोपं आहे, पण खाड्याचा हिशोब तिनं बनवलेला नाही. टोळीत गरोदर बाई असेल तर मोळी वाहायचं काम तिच्याकडून काढून घेणं मुकादमाला आणि टोळीतल्या गड्यांना जमण्यासारखं आहे, तेवढ्यानं हंगाम बुडत नाही.

निघताना तिच्याजवळ माता-बाल कार्ड, पहिली सोनोग्राफी आणि रक्तगटाचा कागद पाहिजे. जिथं कोपी पडली त्या गावच्या आशाताईंचा नंबर पहिल्या आठवड्यातच घ्यायचा. लस, तपासणी, बाळंतपण यासाठी आपल्याच गावात यावं लागत नाही. १०८ कर्नाटकातही लागतो. आणि ३४ आठवड्यांची तारीख हंगामाच्या मध्यात येत असेल तर त्याआधीच बाईला गावी किंवा माहेरी पाठवता येईल का, हे उचल घेतानाच ठरवायला हवं. फेब्रुवारीत फडात बसून ते ठरत नाही.

धोका कुणाला जास्त?

आधीचं बाळ लवकर झालेलं असेल तर पुढचंही लवकर होण्याची शक्यता वाढते, हे सगळ्यात पक्कं लक्षण. अशा बाईनं दिवस गेल्यागेल्या डॉक्टरला सांगायचं. पिशवीचं तोंड आखूड असेल तर टाका घालणं किंवा औषध देणं असे उपाय आहेत, पण ते आधी करायचे असतात. जुळं, अठराच्या आतलं वय, दोन बाळंतपणांत कमी अंतर, रक्त कमी असणं, बीपी, ही बाकीची कारणं. आणि बऱ्याचदा काहीच कारण सापडत नाही.

एका कारणाबद्दल घरात कुणी बोलत नाही, ते म्हणजे मिश्री. दात घासायला म्हणून सुरू होते आणि दिवसातून चार वेळा लागते. ती भाजलेली तंबाखूच आहे. मुंबईत १२१७ गरोदर बायकांवर झालेला अभ्यास २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. मिश्री, तंबाखू खाणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली. फार लवकर, म्हणजे ३२ आठवड्यांच्या आत बाळ होण्याचं प्रमाण त्यांच्यात कितीतरी जास्त होतं. "मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही" म्हणणाऱ्या सासूबाईंना ही आकडेवारी वाचून दाखवायला हरकत नाही.

कळा आल्याच नाहीत तर दिवसभर झोपून राहायचं का? नाही. नुसतं झोपून राहिल्यानं लवकरचं बाळंतपण टळतं असं सिद्ध झालेलं नाही. ओझं, वाकून तासन् तास काम, उपास हे टाळायचं, घरातलं हलकं काम चालतं. लोहाची गोळी रोज घ्यायची, चहाबरोबर नाही आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरकडून मोफत तपासणी होते, तिथं लघवी तपासायला सांगायचं.

बाळ लवकर आलंच तर

पहिलं काम ऊब. अंग पुसून कोरडं करायचं, अंघोळ घालायची नाही, डोक्याला टोपी, आणि आईच्या उघड्या छातीवर पोटावर झोपवून वरून कापड गुंडाळायचं. याला कांगारू पद्धत म्हणतात. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या कमी पडत होत्या, तेव्हा डॉक्टर एडगर रे यांनी आईच्या छातीचीच पेटी केली. आता जागतिक आरोग्य संघटना सांगते की अशा बाळाला जन्मल्याजन्मल्या ही पद्धत सुरू करावी आणि दिवसातले आठ ते चोवीस तास ठेवावी. आई थकली तर बाप, आजी, मावशी कुणाच्याही छातीवर चालतं. बापे माणसं आधी लाजतात, मग सोडत नाहीत. बंद खोलीत शेगडी पेटवून ऊब द्यायची नाही, त्या धुरात बाळाचा श्वास कोंडतो.

ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं हे तिन्ही एकत्र जमायला ३४ आठवडे लागतात. त्याआधीच्या बाळाला अंगावर पिता येत नाही, म्हणजे आईला दूध नाही असं नव्हे. पहिलं चिकाचं दूध काढून नळीनं, नंतर वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं दवाखान्यात सांगतील तसं द्यायचं. मध, गुटी, वरचं दूध काही नाही. बाळ कण्हतंय, छाती आत ओढतेय, तळपाय गार लागतायत, पीत नाही, हातापायाचे तळवे पिवळे दिसतायत, तर लगेच दवाखाना.

घरी सोडल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात, वजन करतात, ताप बघतात. ही घरी येऊन बाळ बघायची पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून पुढं आली आणि नंतर देशभर गेली.

एक तपासणी मात्र बहुतेक घरं विसरतात. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावर नको त्या रक्तवाहिन्या वाढू शकतात. बाहेरून डोळा स्वच्छ दिसतो, बाळ टकामका बघतं, आणि आतून नजर जात असते. जन्मापासून तीस दिवसांच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरनं पडदा बघितला तर वेळेत उपचार होतो. अगदीच लहान, म्हणजे २८ आठवड्यांच्या आतलं किंवा बाराशे ग्रॅमच्या आतलं बाळ असेल तर दोन-तीन आठवड्यांतच बघावं लागतं. पेटीच्या वार्डातून सुट्टी मिळताना डोळे तपासायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहिली आहे का ते वाचून घ्या. नसेल तर तिथंच विचारून लिहून घ्या.